लोअरिंग स्प्रिंगा कशा निवडाव्यात: स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनसाठी सविस्तर मार्गदर्शक

लोअरिंग स्प्रिंगांच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा गाडी किती मिलिमीटर खाली बसेल याचा असतो, आणि बहुतेक जण तोच पाहून निवड करतात. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की हा आकडा सर्वांत शेवटी ठरवावा. चाकाला वर सरकायला किती जागा उरणार आहे, उरलेल्या जागेत खड्ड्याचा मार झेलण्याइतकी स्प्रिंग कडक आहे का, आणि त्या कडकपणाला डॅम्पर (स्प्रिंगेची हालचाल शमवणारा शॉक ॲब्सॉर्बर) पुरा पडतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. ती मिळाली की मिलिमीटरचा आकडा जवळजवळ आपोआप समोर येतो. उलट क्रमाने गेल्यास गाडी दिसायला देखणी होते, पण वळणात मध्येच बंप स्टॉपवर (डॅम्परच्या दांड्यावरील, हालचाल संपत आली की टेकणाऱ्या रबरासारख्या उशीवर) आदळते आणि कारखान्यातून आली तेव्हापेक्षाही वाईट चालते.

गाडी खाली घेतल्याने नेमके काय मिळते

वळणात आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर सरकते. हे सरकणारे वजन गाडीचे वस्तुमान, वळणातला प्रवेग आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराने भागले की मिळते. समजा गाडी १४०० किलोची आहे, चाकांमधील अंतर १५५० मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ४८० मिलिमीटरवर आहे. एक जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) प्रवेगाने वळताना सुमारे ४२५० न्यूटन भार बाहेर सरकेल. गुरुत्वमध्य २० मिलिमीटरने खाली आला तर हाच भार सुमारे ४०८० न्यूटन होतो, म्हणजे जेमतेम चार टक्क्यांचा फरक. शिवाय चाके, ब्रेक आणि हब आहेत तिथेच राहतात, त्यामुळे बॉडी जितकी खाली येते त्यापेक्षा संपूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य थोडा कमीच खाली येतो.

हा फायदा खरा आहे, पण लहान आहे. चालकाला स्टीअरिंगवर जो ताजेपणा जाणवतो तो मुख्यतः स्प्रिंगेच्या वाढलेल्या कडकपणामुळे येतो. गाडी कमी झुकते आणि स्टीअरिंग वळवल्यावर लवकर स्थिरावते. म्हणून उंचीपेक्षा कडकपणावर अधिक विचार खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

पायरी १: आहे त्या गाडीचे मोजमाप

नवीन स्प्रिंग शोधण्यापूर्वी सध्याच्या गाडीची मापे लिहून काढावीत. सपाट जमिनीवर गाडी उभी करावी, टाकी साधारण अर्धी असावी, आणि गाडी दोन-तीन मीटर पुढेमागे ढकलावी, म्हणजे जॅकवरून उतरताना आत ओढली गेलेली चाके सैल होऊन सस्पेन्शन आपल्या खऱ्या जागी बसते. मग चाकाच्या केंद्रापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचे उभे अंतर चारही कोपऱ्यांवर मोजावे. जमिनीपासून फेंडरपर्यंत मोजल्यास टायरमधील हवा आणि टायरची झीजही त्या आकड्यात मिसळते, त्यामुळे ते माप पुढे तुलनेसाठी उपयोगाचे राहत नाही.

दुसरे माप अधिक महत्त्वाचे आहे आणि तेच सहसा घेतले जात नाही. गाडी चाकांवर उभी असताना डॅम्परच्या नळीच्या वरच्या टोकापासून बंप स्टॉपच्या खालच्या टोकापर्यंत किती मोकळी जागा आहे ते पाहावे. स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच खांबात असलेली जोडणी) असलेल्या गाडीत स्प्रिंगेच्या वेढ्यांमधून टॉर्चचा उजेड टाकून आणि धूळरोधक रबरी आवरण वर सरकवून हे दिसते. अनेक गाड्यांमध्ये ही मोकळी जागा अपेक्षेपेक्षा फारच कमी निघते, कारण आजकालच्या बंप स्टॉपची रचनाच अशी असते की ते लवकर स्पर्श करून स्प्रिंगेला हळूहळू साथ देतात.

प्रत्यक्ष चालवताना यातले किती ट्रॅव्हल (सरकण्याची जागा) वापरले जाते हे पाहण्यासाठी डॅम्परच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट, पण सरकेल इतपत बांधावा आणि तो नळीच्या तोंडापर्यंत खाली आणून ठेवावा. दांडा आत गेला की नळी त्या टायला वर ढकलते, दांडा परत बाहेर आला की टाय वरच राहतो. नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने फेरी मारून आल्यावर नळी आणि टाय यांमधील अंतर मोजले की सर्वांत मोठ्या धक्क्यात दांडा किती आत गेला होता ते कळते. उलटे बसवलेले मोनोट्यूब (एकनळी) डॅम्पर असतील तर ही युक्ती चालत नाही. बाकी बहुतेक गाड्यांत चालते, आणि या एका आकड्यावर पुढचा सगळा निर्णय उभा राहतो.

पायरी २: स्प्रिंगेचा कडकपणा चाकापाशी किती उरतो

स्प्रिंगेचा कडकपणा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये सांगतात. जपानी उत्पादक तो किलोग्रॅम प्रति मिलिमीटरमध्ये देतात, अमेरिकी उत्पादक पौंड प्रति इंचामध्ये. एक किलोग्रॅम प्रति मिलिमीटर म्हणजे ९.८१ न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजेच सुमारे ५६ पौंड प्रति इंच. दोन संचांची तुलना करताना आधी सगळे आकडे एकाच एककात आणावेत.

मात्र चाकाला जाणवणारा कडकपणा वेगळा असतो, कारण चाक जितके वर जाते तितकी स्प्रिंग दाबली जातेच असे नाही. स्प्रिंगेची हालचाल भागिले चाकाची हालचाल याला मोशन रेशो म्हणतात आणि चाकापाशी मिळणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगेचा कडकपणा गुणिले या रेशोचा वर्ग. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग चाकाच्या अगदी जवळ असते, म्हणून रेशो ०.९५ च्या आसपास असू शकतो. ६० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग तिथे चाकापाशी सुमारे ५४ देते. डबल विशबोनमध्ये (चाक वर आणि खाली अशा दोन आर्मांनी, म्हणजे गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांनी, धरलेल्या रचनेत) स्प्रिंग आर्मच्या मध्यभागाकडे टेकली असेल आणि रेशो ०.७ असेल, तर तीच स्प्रिंग फक्त २९.४ देते. त्यामुळे एका गाडीच्या स्प्रिंगेचा आकडा दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी थेट ताडून पाहण्याला काहीही अर्थ नाही, आणि एकाच गाडीच्या पुढच्या-मागच्या स्प्रिंगांची अशी तुलनाही तितकीच फसवी असते.

तुलना करायचीच असेल तर नैसर्गिक वारंवारता काढावी. चाकापाशी मिळणारा कडकपणा न्यूटन प्रति मीटरमध्ये घ्यावा, त्या कोपऱ्यावर स्प्रिंगेने तोललेल्या वस्तुमानाने भागावा, वर्गमूळ काढावे आणि ६.२८ ने भागावे. वरच्या उदाहरणात एका कोपऱ्यावर ३५० किलो धरून २९,४०० ला त्याने भागले तर ८४ येतात, वर्गमूळ सुमारे ९.१७ आणि वारंवारता सुमारे १.४६ हर्ट्झ. आरामशीर प्रवासी गाड्या साधारण एक ते दीड हर्ट्झमध्ये असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार दीड ते दोन हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि त्यापुढे गाडी ट्रॅकसाठीच अधिक योग्य होत जाते. आपल्या गाडीचे वस्तुमान आणि मोशन रेशो माहीत असेल तर हे गणित दहा मिनिटांत होते. ते झाले की जाहिरातीतल्या ‘स्पोर्टी’ आणि ‘कम्फर्ट’ या शब्दांवर विसंबण्याची गरज उरत नाही.

पुढच्या आणि मागच्या वारंवारतेचे नाते वेगळे तपासावे. जनरल मोटर्समध्ये १९३० च्या दशकात काम करणाऱ्या मॉरिस ऑली या अभियंत्याने मांडलेले सूत्र आजही वापरात आहे: उंचवटा आधी पुढच्या चाकांखाली येतो आणि क्षणभराने मागच्या, म्हणून मागची बाजू थोडी अधिक वेगाने हलणारी ठेवली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी डोलत न राहता सपाट स्थिरावते. अडीच मीटर चाकतळ (पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर) असलेली गाडी ताशी ९० किलोमीटरने जात असेल तर हा क्षण एक दशांश सेकंदाचा असतो. पुढे १.५ आणि मागे १.७ हर्ट्झ ही रस्त्यासाठी चांगली जोडी आहे. एखाद्या संचात पुढची स्प्रिंग खूप कडक आणि मागची जवळजवळ मूळचीच असेल, तर सपाट डांबरावर काही जाणवणार नाही, पण उंचसखल रस्त्यावर गाडी घोड्यासारखी पुढेमागे डुलू लागेल. उलट मागची बाजूच अधिक वाढवली तर वळणात मागच्या टायरांची पकड आधी सुटण्याकडे कल जातो. मागे इंजिन असलेल्या पोर्शे ९११ सारख्या गाडीत हा बदल विशेष जपून करावा.

पायरी ३: उंची आणि कडकपणा यांचा मेळ

समजा मूळ गाडीत उभ्या स्थितीपासून बंप स्टॉप पूर्ण दाबला जाईपर्यंत चाकाला ८० मिलिमीटर वर सरकता येते आणि चाकापाशी कडकपणा २९.४ न्यूटन प्रति मिलिमीटर आहे. बंप स्टॉपचा वाटा सोयीसाठी बाजूला ठेवला तर ८० मिलिमीटरच्या शेवटी स्प्रिंग सुमारे २३५० न्यूटन इतका जादा जोर लावते. आता गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली. उरले ५० मिलिमीटर. त्या ५० मिलिमीटरच्या शेवटी तेवढाच जोर हवा असेल तर कडकपणा ४७ हवा, म्हणजे साठ टक्के अधिक. आणि खड्ड्यातून आलेली तेवढीच ऊर्जा सामावायची असेल तर हिशेब अंतराच्या वर्गावर जातो: ८० भागिले ५० म्हणजे १.६, त्याचा वर्ग २.५६, म्हणजे स्प्रिंग मूळच्या अडीचपटीहून अधिक कडक हवी.

रस्त्यासाठी विकल्या जाणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा सहसा वीस ते चाळीस टक्केच अधिक कडक असतात. मग बाकीचा भार कोण घेतो? बंप स्टॉप घेतो. म्हणूनच खाली घेतलेल्या गाडीत बंप स्टॉप हा केवळ शेवटचा अडसर राहत नाही, तो दुसरी स्प्रिंगच होतो. त्याचा फोमसारखा पॉलियुरेथेन सुरुवातीला मऊ आणि दाबला जाईल तसा झपाट्याने कडक होतो. तो हलक्या हाताने आणि लवकर कामाला लागला तर चालकाला कळतही नाही. वळणाच्या मध्यावर एकाएकी लागला तर त्या कोपऱ्याचा कडकपणा क्षणात कित्येक पट होतो आणि टायर घसरतो. पुढच्या बाजूला असे झाले तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते, मागे झाले तर शेपूट सुटते.

यावरून निवडीचा नियम असा काढता येतो. पहिल्या पायरीत मोजलेल्या मोकळ्या जागेतून गाडी जितकी खाली जाणार तितके मिलिमीटर वजा करावेत. मात्र दोन्ही मापे एकाच ठिकाणची हवीत, म्हणून डॅम्परपाशी मोजलेली जागा डॅम्परच्या मोशन रेशोने भागून चाकापाशी आणावी. मोकळी जागा ४५ मिलिमीटर असेल आणि स्प्रिंग ३० मिलिमीटर खाली घेणारी असेल, तर उरले १५. इतक्या जागेत साध्या वळणातला झुकावही मावणार नाही. अशा वेळी उत्पादकाने संचासोबत कमी उंचीचे बंप स्टॉप दिले आहेत का, किंवा मूळ स्टॉप नेमका कुठे आणि किती कापायचा हे लिहून दिले आहे का, ते पाहावे. काहीच दिले नसेल तर तो संच घेऊ नये. स्टॉप आपल्या अंदाजाने कापणे धोक्याचे आहे, कारण डॅम्परचा पिस्टन आतल्या झडपेवर आदळू नये ही जबाबदारीही त्याचीच असते.

माझे स्पष्ट मत असे आहे की मूळ डॅम्पर कायम ठेवून रस्त्यावर चालवायच्या गाडीला २० ते २५ मिलिमीटर पुरेसे आहेत, ३० ही सीमा आहे, आणि ४० किंवा त्याहून अधिक खाली जायचे असेल तर कमी लांबीचे डॅम्पर आणि सस्पेन्शनची भूमिती सुधारणारे भाग यांच्यासकटच विचार करावा. तेवढे सगळे बदलायचे ठरलेच तर उंची ठरवता येणारा कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र जुळवलेला) संच अधिक सुसंगत ठरतो.

पायरी ४: लिनिअर की प्रोग्रेसिव्ह

लिनिअर स्प्रिंगेचा कडकपणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगेत वेढ्यांमधील अंतर बदलत जाते. जवळजवळचे वेढे आधी एकमेकांना टेकतात, काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या घटते आणि स्प्रिंग कडक होत जाते. उरलेले ट्रॅव्हल कमी असताना हा गुण मोलाचा आहे, कारण लहान उंचवट्यांवर मऊपणा राहतो आणि मोठ्या धक्क्यात वाढीव जोर मिळतो. जर्मनीतील आयबाखच्या प्रो-किटसारख्या रस्त्यासाठीच्या बहुतेक मालिका याच तत्त्वावर बनतात. ट्रॅकवर वारंवार जाणाऱ्याला मात्र लिनिअर स्प्रिंग अधिक भावते, कारण वळणात गाडी कशी वागेल याचा अंदाज पक्का राहतो आणि डॅम्परही एकाच कडकपणाला जुळवता येतो.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. काही स्प्रिंगांचे एका टोकाचे दोन-तीन वेढे इतके दाट असतात की गाडी नुसती उभी असतानाच ते पूर्ण मिटलेले असतात. अशी स्प्रिंग चालताना प्रत्यक्षात लिनिअरच वागते. ते दाट वेढे फक्त चाक हवेत लोंबकळले असता स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू नये म्हणून ठेवलेले असतात. वापरलेली जोडी पाहायला मिळाली तर वेढ्यांवरील रंग कुठपर्यंत घासला गेला आहे ते निरखावे. पत्रकात एकच आकडा दिला असेल, तर तो गाडी उभी असतानाच्या उंचीवरचा आहे की पूर्ण दाबलेल्या अवस्थेतला, हे विचारून घ्यावे.

पायरी ५: डॅम्परची कुवत

डॅम्पर स्प्रिंगेची हालचाल शमवतो, आणि स्प्रिंग कडक झाली की त्याच डॅम्परचा प्रभाव तुलनेने कमी होतो. शमनाचे प्रमाण कडकपणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त बदलते. स्प्रिंग तीस टक्क्यांनी वाढली तर ते सुमारे बारा टक्क्यांनी घटते. चांगल्या स्थितीतला डॅम्पर हे सहन करतो. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेला, तेलाने ओलसर झालेला डॅम्पर सहन करत नाही: खड्ड्यातून बाहेर आल्यावर गाडी एकदाच खाली-वर होऊन थांबण्याऐवजी दोन-तीन हेलकावे घेते. अशा डॅम्परवर नवीन स्प्रिंगा चढवण्यापेक्षा दोन्ही एकदमच बदलावेत, कारण मजुरी आणि अलाइनमेंट यांचा खर्च दोनदा करण्यात काही हशील नाही.

डॅम्पर पूर्ण लांबलेला असताना स्प्रिंग बैठकीत थोडी तरी दाबलेली राहिली पाहिजे. ती सैल पडत असेल तर जॅकवरून उतरताना किंवा एखाद्या उंचवट्यावरून चाक सुटताना ती तिरकी बसेल. हेच कारण स्प्रिंगेचे वेढे कापून गाडी खाली घेण्याच्या जुन्या प्रकाराविरुद्धही आहे: कापलेल्या टोकाला बैठकच राहत नाही. आच देऊन स्प्रिंग बसवणे तर त्याहूनही वाईट, कारण पोलादाला दिलेले टेंपरिंग (उष्णता देऊन आणलेला चिवटपणा) जाते आणि मग ती कधी बसेल वा तुटेल याचा भरवसा राहत नाही. इलेक्ट्रॉनिक डॅम्पर असतील तर संच त्या आवृत्तीसाठीच बनवला आहे ना याची खात्री करून घ्यावी.

पायरी ६: सस्पेन्शनची रचना पाहून मर्यादा ठरवणे

मॅकफर्सन स्ट्रटची गाडी खाली घेताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. उभ्या स्थितीत लोअर आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा खाली असते. गाडी खाली आली की आर्म आडवा होत जातो आणि पुढे बाहेरचे टोक आतल्यापेक्षा वर जाते. तसे झाले की दोन गोष्टी बिघडतात. रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली घसरते, त्यामुळे त्या दोहोंमधील अंतर वाढून गाडीला झुकवणारा जोर उलट वाढतो. आणि चाक वर जाताना मिळणारा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असणे) आधी कमी होतो, मग उलट दिशेला जाऊ लागतो. म्हणजे गुरुत्वमध्य खाली आणून मिळवलेला चार टक्क्यांचा फायदा इथेच खर्ची पडू शकतो. टोयोटा जीआर ८६ मध्ये पुढे स्ट्रट आहेत, पोर्शे ७१८ केमनमध्ये तर पुढे-मागे दोन्हीकडे. अशा गाड्यांसाठी आर्म आडवा होण्यापूर्वी थांबावे, किंवा लांब दांड्याचे बॉल जॉइंट बसवून आर्मचा कोन परत आणावा आणि त्यासोबत टाय रॉडचे टोकही तेवढेच खाली आणावे. नाहीतर चाक वर-खाली होताना स्वतःहूनच वळू लागते.

डबल विशबोन या बाबतीत अधिक क्षमाशील असते. होंडा एस २००० ला चारही बाजूंना हीच रचना आहे, माझदा एमएक्स-५ ला पुढच्या बाजूला. तिथे गाडी खाली आल्यावर निगेटिव्ह कॅम्बर वाढतो, आणि तो मर्यादेत असेल तर वळणात उपयोगीच पडतो. टायरची आतली कड लवकर झिजते ती बहुधा बदललेल्या टोमुळे (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्यामुळे). म्हणून संच मागवण्यापूर्वीच आपल्या गाडीत पुढचा-मागचा कॅम्बर आणि टो कारखान्याच्या बोल्टवरून जुळवता येतो का, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून ठेवावे. जुळवता येत नसेल तर कॅम्बर बोल्ट किंवा बदलत्या लांबीचे आर्म यांची तरतूद आधीच करावी.

रुंद टायर किंवा बदललेल्या ऑफसेटची (हबपासून आत-बाहेर बसण्याच्या अंतराची) चाके बसवली असतील तर आणखी एक तपासणी आवश्यक आहे. स्प्रिंग न घालता फक्त डॅम्पर आणि बंप स्टॉप जोडावा, अँटी-रोल बारची (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकाव रोखणाऱ्या दांड्याची) लिंक सोडवावी, आणि हबखाली जॅक लावून चाक स्टॉप दाबला जाईपर्यंत वर न्यावे. मग स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर फेंडरला किंवा आतल्या अस्तराला कुठे लागतो का ते पाहावे.

पायरी ७: उत्पादकाचे पत्रक आणि स्प्रिंग स्वतः

एकाच मॉडेलसाठी उत्पादक अनेक पार्ट क्रमांक देतात, कारण इंजिन, गिअरबॉक्स आणि छप्पर यांनुसार एक्सलवरचे वजन बदलते. कूपेची स्प्रिंग जड परिवर्तनीय छताच्या गाडीत घातली तर ती ठरल्यापेक्षा खाली बसेल. आपल्या गाडीच्या एक्सलवरील कमाल भाराचे आकडे गाडीवरील माहिती-पाटीवर असतात, ते पत्रकाशी ताडून घ्यावेत. पत्रकात कडकपणा, कोणत्या एक्सलभारापर्यंत चालेल आणि किती खाली बसेल हे तिन्ही दिलेले असेल तर उत्पादक आपले काम गांभीर्याने करतो असे समजावे. नुसता मिलिमीटरचा आकडा असेल तर सावध व्हावे. जर्मनीतील ट्यूव्हसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र असेल तर त्यात कोणती चाके आणि कोणते डॅम्पर गृहीत धरले आहेत तेही वाचावे. आपल्याकडच्या वाहन नोंदणीच्या नियमांत हा बदल बसतो का, हेही खरेदीपूर्वीच पाहावे.

कडकपणा कुठेच दिला नसेल तर तो मोजून काढता येतो. तारेची जाडी, वेढ्याचा सरासरी व्यास आणि मोकळ्या वेढ्यांची संख्या घ्यावी. तारेच्या जाडीचा चतुर्थ घात गुणिले ७९,००० याला आठपट वेढेसंख्या गुणिले व्यासाचा घन याने भागावे. तार १२ मिलिमीटर, व्यास १२० मिलिमीटर आणि पाच मोकळे वेढे असतील तर उत्तर सुमारे २३.७ न्यूटन प्रति मिलिमीटर येते. तार फक्त अर्धा मिलिमीटर जाड असली तर ते सुमारे २७.९ होते, म्हणजे जवळजवळ अठरा टक्के अधिक. जाडीची चूक चौपट होऊन उत्तरात उतरते, त्यामुळे व्हर्निअर कॅलिपरने नीट मोजावे आणि रंगाच्या थराची जाडी वजा करायला विसरू नये. हे सूत्र एकसमान वेढ्यांच्या स्प्रिंगेसाठी आहे. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगेत ते फक्त मिटणारे वेढे वगळून वरच्या कडकपणाचा अंदाज देते.

स्प्रिंग पाहताना टोकाचे वेढे मूळ बैठकीच्या आकाराशी जुळतात का, त्यांवर आवाज रोखणारी प्लॅस्टिकची नळी आहे का आणि रंगाचा थर सलग आहे का ते पाहावे. सोललेल्या जागी गंज धरतो, आणि स्प्रिंग तुटण्याची सुरुवात बहुतेकदा अशाच खड्ड्यापासून होते.

पायरी ८: बसवताना घ्यायची काळजी

३० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबली की तिच्यात सुमारे ३०० किलो वजनाइतका जोर साठतो. म्हणून स्ट्रट उघडताना चांगल्या प्रतीचा स्प्रिंग कंप्रेसर समोरासमोरच्या बाजूंना लावावा, दोन्ही बाजू थोड्याथोड्या आळीपाळीने आवळाव्यात, आणि स्प्रिंग दोन्ही बैठकांतून सैल झाल्याखेरीज वरच्या नटाला हात लावू नये. गाडी जॅकवर नव्हे, जॅक स्टँडवर टेकलेली असावी. हे साहित्य किंवा सराव नसेल तर हे काम जाणकाराकडेच द्यावे.

दांड्यावरचा नट इम्पॅक्ट गनने काढू किंवा आवळू नये. दांडा आत गरगर फिरतो आणि डॅम्परच्या सीलला इजा होते. स्प्रिंगेचे टोक बैठकीतल्या खाचेला नीट टेकलेले असावे. वरच्या माउंटचे बेअरिंग हाताने फिरवून पाहावे, खरखर लागली तर ते याच वेळी बदलावे.

आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट चाक हवेत असताना पक्के करू नयेत, हा मुद्दा बहुतेक ठिकाणी निसटतो. या बुशांत रबर धातूच्या नळीला चिकटवलेले असते आणि ते फक्त पिळ घेते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर सतत पिळलेले राहते. गाडी ठरल्यापेक्षा उंच बसते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. सगळे बोल्ट हातघट्ट ठेवून गाडी चाकांवर आणावी, थोडी पुढेमागे ढकलावी, आणि मग त्याच उंचीवर टॉर्क रेंचने मॅन्युअलमधील आकड्यापर्यंत आवळावेत.

पायरी ९: बसवल्यानंतर

नवीन स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरांत आणखी थोड्या बसतात, म्हणून लगेच टो ढोबळपणे जुळवून घ्यावा आणि पक्के अलाइनमेंट स्प्रिंगा बसल्यावर करावे. त्याच वेळी चाकाच्या केंद्रापासून फेंडरपर्यंतची चारही मापे पुन्हा घेऊन पहिल्या नोंदीशी ताडावीत. एकाच एक्सलवरच्या दोन बाजूंमधला फरक पूर्वीपेक्षा वाढलेला असेल तर स्प्रिंगेचे टोक खाचेत नाही किंवा एखादा बुश चुकीच्या उंचीवर आवळला गेला आहे असे समजून शोध घ्यावा. हेडलाइटचा झोत बदललेला असतो, तो जुळवावा. उंची मोजणारे सेन्सर, किंवा पुढचा कॅमेरा आणि रडार यांवर चालणाऱ्या सुरक्षा यंत्रणा असतील तर त्यांचे कॅलिब्रेशन करून घ्यावे, कारण त्या यंत्रणा गाडीची मूळ उंचीच गृहीत धरतात.

शेवटी डॅम्परच्या दांड्यावर केबल टाय पुन्हा बांधून पहिल्या वेळच्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फेरी मारावी. टाय बंप स्टॉपपर्यंत पोचला पण स्टॉप पूर्ण दबला नसेल, तर संच आपल्या रस्त्याला योग्य आहे. तो स्टॉपमध्ये खोलवर घुसलेला दिसला आणि वळणात गाडीचा हादरा हातांना जाणवत असेल, तर आधी उत्पादकाकडून वेगळ्या उंचीचा बंप स्टॉप मागवून पाहावा. तरीही टाय तिथेच पोचत असेल तर दहा मिलिमीटर कमी खाली घेणारा संच घ्यावा आणि हा परत करावा. बंप स्टॉप पूर्ण दाबणारी गाडी तशीच चालवत राहिल्यास वरचे माउंट आणि डॅम्परचे सील यांवर प्रत्येक खड्डा घाव घालत राहतो.